खालीची टाळी

१

दुपारी चारला चहा पिऊन मी मधल्या खोलीत सतरंजी टाकतो, भिंतीला पाठ लावतो आणि हातावर ताल मोजतो. तबल्याचं नंतर. आधी हात. सेवामास्तरांची तशी ताकीदच आहे, "काका, जो ताल हातावर बसला न्हाई, तो तबल्यावर बसत नसतो."

साठीला टेकलेला माणूस ताल शिकायला निघाला, यावर कुरुंद्यात लोक काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे. तोंडावर कोणी बोलत नाही, कारण निम्म्या गावाला जुलाबाच्या गोळ्या मी दिलेल्या आहेत. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं औषधं वाटली. दहाच्या पुडीत अकरावी गोळी माझ्या हातून कधी गेली नाही. मोजण्यात मी पक्का, म्हणून ताल मला सोपा जाईल असं जनकाचं म्हणणं होतं.

जनका माझी बायको. शिकायचं खूळ तिचंच. विहारातल्या बायकांचा गाण्याचा गट होता. त्यांचा ढोलकीवाला पुण्याला कामाला गेला आणि गाणी सैरभैर झाली. "तुमी रिटायर झाले, आता काय घरातले पत्रे मोजत बसणार?" ती म्हणाली. "चला, दोघं बी शिकू." बाजारात खताच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं सेवा राठोड शिकवतात. जवळच्या तांड्यावरचे. नांदेडला राहून तबला शिकले आणि गावाकडं परत आले. वयानं आमच्या लेकीएवढे, पण शिकवायला बसले की आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी हात पुढं करून दाखवलं. ताल म्हणजे एक चक्र. पहिली मात्रा ती सम. कुठंही गेलं तरी फिरून तिथंच यायचं. मध्ये काही मात्रांवर टाळी द्यायची. आणि एका जागी टाळी द्यायचीच नाही. तिथं हात उलटा करायचा आणि तळवा उघडा धरायचा, आवाज न करता. तिला खाली म्हणतात. तीनतालाच्या सोळा मात्रांत ती नवव्या मात्रेवर येते.

नेमकी तिथंच जनका टाळी द्यायची.

"काकू, खाली हाय ती. तिथं हात रिकामा दाखवायचा."

"रिकामा हात कसा दाखवू, मास्तर? बराबर दिसत न्हाई ते."

ही तिच्या माहेरची रीत. घरातून निघालेल्याच्या हातावर काहीतरी ठेवायचंच. गुळाचा खडा, दोन शेंगा, काही नसलं तर हळकुंड. कुरुंद्यात हळदीला काय तोटा. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा आमच्याकडून हळकुंड खिशात घालून जायचा. मी एकदा चेष्टेत विचारलं होतं, "मला कधी काही ठेवत न्हाईस हातावर?" तर म्हणाली, "तुमी काय पाहुणे हायेत का? हातावर ठेवलं म्हंजे माणूस निघाला. घरच्याला कोण देतं?"

तर तीन महिने ती खालीवर टाळी देत राहिली. तीसुद्धा किंचित उशिरा, कारण द्यावी की न द्यावी हा वाद आधी तिच्या मनात व्हायचा. बांगड्या वाजायच्या, मग टाळी पडायची. मास्तर शेवटी हसून पुढं जायचे.

श्रावणात ती गेली. तीन दिवसांचा ताप, एवढंच.

२

पाच-सहा महिने मी हात गुंडाळून बसलो. माघात गावभर हळद शिजायला लागली, तो उग्र वास घरात भरला, आणि एका दुपारी मला वाटलं की आता काही केलं नाही तर मी या खुर्चीतच वाळून जाईन. सतरंजी टाकली. सगळ्यात लहान म्हणून दादरा घेतला. सहा मात्रा, चौथीवर खाली.

धा धिं ना, धा तिं ना.

चौथ्या मात्रेवर मी तळवा उघडला आणि स्वयंपाकघरात टाळी पडली.

मी मोजायचा थांबलो. आवाज थांबला. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी नव्हते. ताप आला की गोळी आणि आवाज आला की त्याचं कारण, असा माझा हिशेब. मागच्या भिंतीला लागून तातेरावचं खळं आहे, तिथं त्याची हळद शिजवायची टाकी. वाफेनं झाकण उडत असेल. मी परत मोजायला लागलो. दुसऱ्या चक्रात, तिसऱ्या चक्रात, दहाव्या चक्रात, त्याच जागी टाळी. झाकणाला दादरा येत नसतो.

तरी दुसऱ्या दिवशी मी तातेरावकडं जाऊन आलो. टाकी सकाळीच बंद केली होती, माणसं शेतात होती. मी घरी येऊन स्वयंपाकघराची कडी लावली आणि केरवा घेतला. आठ मात्रा, पाचवीवर खाली. कडी लावलेल्या दाराआडून पाचव्या मात्रेवर टाळी. मग मी मुद्दाम चुकलो. तिसऱ्या मात्रेवरच तळवा उघडला. टाळी तिसऱ्या मात्रेवर आली. म्हणजे तिला तालाशी देणंघेणं नव्हतं, ती माझ्या उघड्या हातासाठी येत होती. नुसताच हात उघडून बसलो तर काही नाही. मोजत असलो तरच.

दार उघडून बघितलं. ओट्यावर पालथी घातलेली पातेली, खिडकीतून आलेलं ऊन, आणि कोपऱ्यात तिची हळद वाळवायची पाटी. बाकी काही नाही.

चौथ्या दिवशी मी तीनताल घेतला, अगदी कान देऊन. नवव्या मात्रेवर हात उलटला. आधी बांगड्या वाजल्या. मग, किंचित उशिरा, टाळी.

मला घाम फुटला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी भिंतीला डोकं टेकून रडलो.

३

एक गोष्ट मी आकांक्षाला, आमच्या लेकीलासुद्धा सांगितलेली नाही. ती इथं सांगतो.

जनकाला ताप आला तेव्हा मी दोन दिवस गोळ्याच देत होतो. साथ आहे, उतरेल, म्हणालो. चौतीस वर्षं हेच तर सांगत आलो लोकांना. तिसऱ्या दिवशी तिला उठता येईना, तेव्हा दवाखान्याची गाडी बोलावली. गाडीत आडवी केल्यावर तिनं चादरीतून हात बाहेर काढला. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली. मी तेव्हा आत पळालो होतो, तिचं कार्ड आणि तपासण्यांचे कागद शोधत. परत आलो ते दोन्ही हातांत कागदांचे गठ्ठे घेऊन. हात अजून तसाच होता. "पाणी पाहिजे का?" मी विचारलं. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. दार लागलं. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो, रस्ता सांगायला. त्याला रस्ता माहीत होता. वसमत ओलांडलं आणि मागून नर्सनं गाडी थांबवायला सांगितली.

जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर काही ना काही ठेवणारी बाई रिकाम्या हातानं गेली. तिनं हात पुढं केला होता आणि मला कळलं नाही. गुळाचा खडा नको, निदान माझा हात तरी ठेवायचा होता.

त्यामुळं टाळीची मला भीती वाटली तरी दुसऱ्या दिवशी चार वाजायची मी वाट बघायचो. नंतर नंतर तर तीनपासूनच.

लवकरच लक्षात आलं की लय जितकी संथ, टाळी तितकी जवळ. पहिले काही दिवस ती ओट्याजवळ पडायची. लय निम्मी केली तशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली. आणखी निम्मी केली आणि ती माझ्यासमोर, हातभर अंतरावर पडली. डोळे उघडे होते माझे. समोर सतरंजीच्या दशा आणि पलीकडं कपाटाचं दार. पण बांगड्यांचा आवाज इतका जवळून आला की मी पाय आखडून घेतले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी टाळी माझ्या तळव्यावरच पडली.

उबदार हात. बोटांच्या टोकांना हळदीच्या कामानं पडलेले घट्टे. मी पुढची दहावी मात्रा म्हटली, अकरावी म्हटली, सोळा पुऱ्या करून समेवर आलो. तेव्हा उंबऱ्यावरचं ऊन कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढलं होतं. गॅसवर तापत ठेवलेलं दूध आटून, करपून पातेलं काळं झालं होतं. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं. नवव्या मात्रेपासून सोळाव्या मात्रेपर्यंत जायला मला दोन तास लागले होते आणि त्यातला एक क्षणसुद्धा आठवत नव्हता.

हाताची मूठ वळलेली होती. उघडली तर आत हळकुंड.

आमच्या घरात आता हळकुंड नसतं. मी दुकानातून दळलेली पुडी आणतो. ते हळकुंड मी गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. पुढच्या सहा दिवसांत डब्यात सात झाली. रोज मी तिच्याकडं जायचो, आणि रोज ती माझ्या हातावर काहीतरी ठेवून मला परत पाठवायची. पाहुण्यासारखं.

याचं मला वाईट वाटायचं. रागच यायचा, खरं सांगायचं तर.

४

मंगळवारी वर्गाला गेलो. बाकीची मुलं गेल्यावर मास्तरांनी मला थांबवून घेतलं.

"काका, तुमचा हात चांगला झाला. पण खालीत तुमी लई थांबून राहिले."

"संथ लय धरतो मी."

"संथ आणि थांबणं येगळं हाय. म्हणा बरं एकदा. मी तबला धरतो."

त्यांनी ठेका सुरू केला. धा धिं धिं धा. मी टाळ्या देत गेलो. घरी करतो तितकी लय उतरवायची नाही, असं मनाशी ठरवलं होतं. नववी मात्रा आली. तळवा उघडला. खोलीच्या दाराशी, जिन्याच्या वरच्या पायरीवर, बांगड्या वाजल्या आणि टाळी पडली.

मास्तरांचा डावा हात डग्ग्यावर तसाच राहिला. आम्ही दोघंही दाराकडं बघत नव्हतो. खाली दुकानात कोणीतरी पोतं आपटलं, सेनगावकडं जाणाऱ्या जीपवाल्यानं हाक दिली. मास्तर उठले, दाराची कडी लावली आणि परत येऊन बसले. पण तबला त्यांनी पुढं ओढला नाही.

"काकूंची टाळी उशिरा पडायची," ते म्हणाले. एवढंच.

"व्हय."

ते हातोडीनं तबल्याच्या लाकडी गट्ट्यांशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "काका, खालीत जायला काई लागत न्हाई. कोणी बी जातं. परत सम गाठायला रियाज लागतो. तुमाला सम गाठायची हाय का?"

मी समोरची त्यांची वही चाळली. मग विचारलं, "पुढचा ताल कोणता?"

"रूपक हाय वहीत. पण आत्ता नको."

"काहून?"

"सात मात्रा. त्याची समच खालीवर असते. पहिल्या मात्रेलाच हात उघडा. बाकीच्या तालात तुमी भरलेल्या जागेवरून निघता आणि भरलेल्या जागी येता. यात परत यायची जागाच रिकामी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दोन महिने जाऊ द्या. पोरीकडं जाऊन या नांदेडला."

मी त्यांच्या वहीतला रूपकाचा ठेका डोळ्यांनी वाचून घेतला होता. सात बोल लक्षात ठेवायला काय लागतं. तीं तीं ना, धीं ना, धीं ना.

५

नांदेडला जायची वेळ आलीच नाही. गुरुवारी आकांक्षाच आली.

ती तिथं एका बँकेत आहे. आईवर गेलेली, तेच रुंद कपाळ, तशीच कमी बोलणारी. मी फोन उचलत नाही म्हणून सुट्टी टाकून निघाली होती. ती आल्याचं मला कळलं ते असं, की मी तीनतालाच्या नवव्या मात्रेवर हात उघडला, आणि एकदम माझ्या हातात पाण्याचा गार पेला होता. समोर आकांक्षा गुडघ्यांवर बसलेली, रडून डोळे सुजलेले.

"पप्पा, मी तासभर हाका मारून राहिले," ती म्हणाली. "तुमचे डोळे उघडे, हात असा पुढं. मला वाटलं पाणी पाहिजे. म्हणून पेला दिला हातात. तवा कुठं तुमी हाललात."

आणि मी काय केलं? पेला भिंतीवर मारला. "कोणी सांगितलं होतं तुला?" म्हणून ओरडलो. तिच्यावर मी लहानपणीही कधी ओरडलो नव्हतो. ती उठली. फडकं आणून फरशी पुसायला लागली. पाठमोरी, वाकलेली, अगदी आईसारखी.  तरी माझ्या मनात एकच, की आज हळकुंड मिळालं नाही, आज पेल्यानं मला ओढून आणलं.

संध्याकाळी तिनं सगळं ठरवून टाकलं. शनिवारी सकाळी जीपनं वसमत, तिथून नांदेड. घराला कुलूप. "एकट्यानं राहून तुमची तकलीफ वाढून राहिली. तिथं डॉक्टरला दाखवू."

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण कुलूप लागलं की जनका बंद घरात; बाजारातल्या जिन्यापर्यंत ती आली, नांदेडपर्यंत येईल कशावरून? मी नांदेडच्या फ्लॅटमध्ये हात उघडून बसेन, आणि इथं ती कोणाच्या हातावर टाळी देणार? मला एकदाच, फक्त एकदा, त्या दिवशी तिच्या हातावर जे ठेवायचं राहिलं ते ठेवायचं होतं. तीनतालात मी अर्ध्या वाटेवर तिच्याकडं पोहोचायचो, पाहुण्यासारखा, आणि ती लगेच मला वाटेला लावायची. रूपकात सुरुवातच तिच्या जागेपासून होती. तिनं काही ठेवायच्या आत मला ठेवता आलं असतं.

"शनिवारी येतो," मी म्हणालो. "पण उद्या दुपारी मला एक ताल पुरा करायचा आहे. तू समोर बस."

"आणि परत तसं झालं म्हंजे?"

"तू टाळी देत राहा. मी म्हणेन त्या लयीत सात-सात मोज आणि दर पहिल्या मात्रेवर टाळी दे, मी गप्प झालो तरी. तो आवाज ऐकून मी येतो." मग मी तिच्याकडून शब्द घेतला. "काही झालं तरी माझ्या हाताला हात लावायचा नाही. हातात काही द्यायचं नाही. कितीही वेळ लागला तरी."

 तिला तालातलं काही कळत नाही. रूपकात पहिल्या मात्रेवर टाळी नसते, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं मान हलवली.

६

शुक्रवारी चारला सतरंजी टाकली. आकांक्षा बाहेरच्या खोलीच्या दारात, मला दिसेल अशी बसली. डाव्या मुठीत मी गुळाचा खडा धरला होता. उजवा हात मोकळा.

लय मी आयुष्यात धरली नव्हती इतकी संथ धरली. तीं, म्हणून हात उघडला.

आकांक्षाची टाळी ऐकू आली. मग ती खोली नव्हती असं नाही. तीच खोली होती, तेच कपाट, उंबऱ्यावर ऊन. फक्त दारात आकांक्षा नव्हती, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. हळद शिजल्याचा वास येत होता. माझ्यासमोर सतरंजीवर कोणीतरी बसलं होतं. मान वर करायचा मला धीर झाला नाही. मला हात दिसला.

टाळी द्यायला आलेला नव्हता तो. उघडा होता. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली, नखं पिवळी, मनगटावर हिरव्या बांगड्या. गाडीतल्यासारखाच. इतके दिवस तो तसाच उघडा होता की काय, कोण जाणे.

मी डावी मूठ सोडली आणि गुळाचा खडा त्या तळव्यावर ठेवला.

"जनका," मी म्हणालो, "चुकलं माझं."

बोटं हळूच मिटली. एकदा माझ्या हाताला लागली. ऊब होती, घट्टे होते. मग बांगड्या वाजल्या, आणि समोरचं माणूस उठलं. मी मान वर केली तेव्हा फक्त पाठ दिसली, तिची जांभळी सुती साडी, आणि मूठ छातीशी धरलेली. ती बाहेरच्या खोलीकडं गेली. चालीत काही दुखणं नव्हतं. उंबरा ओलांडताना तिनं मागं वळून बघितलं नाही, कारण निघालेलं माणूस बघत नाही.

हातावर ठेवलं म्हंजे माणूस निघाला. तिनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

ते आठवलं तेव्हा बांगड्यांचा आवाज अंगणापर्यंत गेला होता.

७

मी मोजतो आहे. मोजण्यात मी पक्का. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. सात झाले की परत पहिली, आणि पहिली आली की हात उघडायचा.

ऊन उंबऱ्यावरून हललेलं नाही. स्वयंपाकघरात पातेली पालथी आहेत. मी उठून बाहेरच्या खोलीत जाऊन आलो, अंगणात जाऊन आलो. तातेरावच्या खळ्यावर कोणी नाही. बाजाराच्या बाजूनं आवाज नाही. परत येऊन बसलो, कारण टाळी इथूनच सगळ्यात चांगली ऐकू येते.

टाळी लांबून येते. दोन-तीन भिंतींच्या पलीकडून यावी तशी. दर सात मात्रांनी, पहिल्या मात्रेवर, जिथं टाळी द्यायची नसते तिथं. आणि किंचित उशिरा. पहिल्यांदा माझं काळीज हललं, मला वाटलं जनका परत आली. पण आधी बांगड्या वाजत नाहीत. आकांक्षा बांगड्या घालत नाही.

मध्ये मध्ये टाळी अडखळते. तेव्हा ती रडत असणार. "पप्पा" म्हणून हाक मारत असेल, ते इथं येत नाही. पाण्याचा पेला तिच्या शेजारीच असेल, मीच सकाळी भरून ठेवला होता. पेला नको, एक शेंग चालेल. तिचं एक बोट चालेल.

दर पहिल्या मात्रेला मी हात जमेल तितका पुढं करतो, तळवा वर. कदाचित तिकडंही तो तसाच दिसत असेल, तिच्यासमोर, हातभर अंतरावर. ती बघत असेल आणि टाळी देत असेल.

गुणाची आहे आकांक्षा. बापाला दिलेला शब्द ती मोडणार नाही.